१९६९ ची जीटीओ की १९७० ची शेव्हेल एसएस, खरी-खोटी कशी ओळखायची आणि पैसे नेमके कशाचे द्यायचे

अमेरिकेत राहून पहिली मसल कार (मोठ्या, दमदार इंजिनची जुनी अमेरिकन गाडी) घ्यायला निघालेले आपले लोक बहुतेक वेळा रंग, आवाज आणि बॉनेटखालचं चकचकीत इंजिन बघूनच पाघळतात आणि मग थेट घासाघीस सुरू करतात, पण त्याआधीचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो, की ही गाडी फॅक्टरीतून अशीच निघाली होती का नंतर कोणीतरी तशी बनवलीय? पॉन्टिॲक जीटीओ आणि शेव्हरले शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) या दोघींत अडकला असाल तर माझ्या मते निर्णय इथेच होतो, कारण बाकी बाबतीत या सख्ख्या बहिणी, दोघी जनरल मोटर्सच्या, दोघी ए-बॉडी, म्हणजे खालचा सांगाडा एकाच जातीचा.

जीटीओचं सोपं आहे. १९६६ ते १९७१ मध्ये ते स्वतंत्र मॉडेल होतं, म्हणून व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, २४२ ने सुरू झालाच पाहिजे, १९६८ पासूनच्या गाड्यांत डॅशवरची त्याची पट्टी पुढच्या काचेतून बाहेरूनच वाचता येते. २३७ दिसला तर ती लेमान्स, म्हणजे पॉन्टिॲकचंच साधं मॉडेल, मग बॅज कितीही लावलेले असोत. फक्त 'जज' ही जीटीओची खास आवृत्ती हवी असेल तर २४२ पुरत नाही, कारण जज हे जीटीओवरचं ऑप्शन होतं, १९६९ ला कन्व्हर्टिबल धरून ६,८३३ च बनल्या आणि साध्या जीटीओला पट्टे आणि मागचा स्पॉयलर लावणं काही अवघड नाही. पण त्यावरही उपाय आहे, पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे १९६१ ते १९८६ च्या गाड्यांचे फॅक्टरी बिलिंगचे रेकॉर्ड आहेत, व्हिन दिला की मूळ इंजिन, गिअरबॉक्स, ऑप्शन सगळं कागदावर येतं. फी गाडीच्या किमतीपुढे किरकोळ. विकणाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका, स्वतः मागवा.

शेव्हेलचं दुखणं वेगळं आहे. १९६६ ते ६८ पर्यंत एसएस ३९६ चा (हे आकडे इंजिनचा आकार, क्यूबिक इंचांत) व्हिन १३८ ने सुरू व्हायचा, पण १९६९ पासून एसएस नुसतं ऑप्शन झालं, त्यामुळे १९७० ची ३०७ इंजिनवाली साधी मालिबू (एसएस नसलेली शेव्हेल) हार्डटॉप आणि ४५४ ची, ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस-६ इंजिनची एसएस हार्डटॉप, दोघींचा नंबर १३६३७ नेच सुरू होतो. आणि पॉन्टिॲकसारखे रेकॉर्ड शेव्हरलेचे मिळत नाहीत, जीएम कॅनडाकडे आहेत पण ते तिकडे विकल्या गेलेल्या गाड्यांचे. मग उरतं काय, तर बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला फॅक्टरीचा, पेट्रोल टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत सापडतो तो कागद), वॉरंटी पुस्तिकेतली धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट, विंडो स्टिकर, डीलरचं बिल. यातलं बरंचसं आजकाल नकली पण बनतं, त्यामुळे एकच कागद दाखवून कोणी एक्स्ट्रा पैसे मागत असेल तर सावध राहा. गोल मीटरवाला डॅशबोर्ड आहे म्हणजे एसएस आहे असंही नाही हां, तसाच डॅश मॉन्टे कार्लोत यायचा, तिथून काढून बसवतात. बारा बोल्टवाला मागचा ॲक्सल, काउल इंडक्शन हूड (हवा आत घेणारं उंच बॉनेट), यांचंही तेच.

म्हणून शेव्हेलमध्ये सगळ्यात जास्त वेळ इंजिनवर घालवा. ड्रायव्हरच्या उलट्या बाजूला, सिलेंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकचा एक छोटा सपाट तुकडा असतो, त्यावर इंजिनचा कोड आणि व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. फडक्याने तेलकटपणा पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा, फॅक्टरीत मशिनिंग होताना पडलेल्या बारीक सरळ रेघा पुढून मागे जाताना दिसायला हव्यात. तिथे आरशासारखं गुळगुळीत किंवा गोल गोल घासल्यासारखं दिसलं तर आकडे घासून परत ठोकलेले असू शकतात, किंवा इंजिन उघडून वरचा पृष्ठभाग मशिन केला असेल, त्यात फसवणूक नसेलही पण पुरावा तर गेलाच ना. मग ब्लॉकवरची कास्टिंगची तारीख शोधा, महिन्याला इंग्रजी अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी, त्यामुळे 'डी ८ ०' म्हणजे ८ एप्रिल १९७०. आता फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) गाडी कधी बनली ते सांगणारी पट्टी ०३सी म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा सांगत असेल, तर एप्रिलमध्ये ओतलेलं इंजिन मार्चमधल्या गाडीत जन्मापासून कसं असेल? विक्रेता कितीही 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे इंजिन मूळचंच, असं म्हणो, विषय संपला.

गंज दोघींत सारखाच, मागच्या काचेचे खालचे कोपरे, डिक्कीचा तळ, मागच्या चाकांभोवतीचा पत्रा, चुंबक चिकटत नसेल तिथे आत पुट्टी आहे समजा. व्हिनाइल टॉप असेल तर जास्तच बघा.

पैशांचं बोलायचं तर चांगल्या अवस्थेतली, कागद असलेली एलएस-६ एक लाख डॉलरच्या वर जाते आणि ४०० इंजिनची ३५० हॉर्सपॉवरची साधी जीटीओ त्याच्या निम्म्याहून कमीत मिळते. म्हणून पहिलीच गाडी असेल, सोबत ब्लॉक वाचता येणारं कोणी नसेल, तर मी सरळ जीटीओच सांगेन, तिथे तुमची खात्री विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून नाही. शेव्हेलवरच जीव असेल तर दोन रस्ते, एक तर बिल्ड शीट, शिक्का, तारखा सगळं एकमेकांशी जुळणारी गाडी मिळेपर्यंत थांबा आणि मग जास्त पैसे द्यायला कचरू नका, नाहीतर एसएससारखी बनवलेली मालिबू मालिबूच्याच भावात घ्या आणि मनसोक्त चालवा, शेव्हीचे पार्ट पॉन्टिॲकपेक्षा सहज मिळतात हा तर मोठाच फायदा. फक्त बिलावर 'मालिबू, एसएस क्लोन' असं स्पष्ट लिहून घ्या आणि इन्शुरन्सलाही तेच सांगा.