स्क्वूश: वेबसाईटचे फोटो हलके करायचं फुकट टूल, कसं आहे ते

मी कोकणातल्या आंबेवाल्यांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या छोट्या वेबसाईट्स करून देतो. सीझन जवळ आला की दरवर्षी तेच, पार्टी धडाधड फोटो पाठवते, एकेक चार-पाच एमबीचा, आणि वर सांगते सगळे लाव हां, एक पण सोडू नको. तसेच चढवले तर गावातल्या नेटवर पेज उघडेस्तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या बागायतदाराला फोन लावून मोकळं. गूगलच्या हिशोबाने पेजवरची सगळ्यात मोठी गोष्ट, म्हंजे बहुतेक वेळा वरचा फोटोच, अडीच सेकंदात दिसायला हवी. त्यासाठी मी स्क्वूश वापरतो आणि आता त्याशिवाय चालत नाही.

गूगलच्या क्रोमवाल्या टीमने हे 2018 मध्ये काढलं. ब्राउझरमध्येच चालतं, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, पैसे तर नाहीतच. मुख्य म्हणजे फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही, सगळं काम आपल्याच मशीनवर होतं, त्यामुळे पान एकदा लोड झालं की नेट गेलं तरी अडत नाही. अजून एक फायदा, नवीन फाईलमधून फोटोतली लोकेशनची माहिती गळून पडते, घरूनच मसाले-लोणची विकणाऱ्या बायकांसाठी हे चांगलंच की.

वापरायला सोपं आहे. फोटो ओढून टाकला की मधोमध एक उभी रेघ येते, डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे बारीक केलेला, आणि खाली साईज किती टक्के उतरली ते दिसतं. मी झूम करून रेघ आढीतल्या आंब्यावर नेतो आणि क्वालिटी 75 वरून हळूहळू खाली आणतो. गंमत अशी की आंब्याला काही होत नाही, साल गुळगुळीत असल्यामुळे पार खालपर्यंत छान दिसते, पहिली वाट लागते ती आजूबाजूच्या पेंढ्याची, काड्या एकमेकीत मिसळून नुसता पिवळा लगदा होतो. तिथे थांबायचं आणि दोन पावलं मागे यायचं. पण खरी बचत क्वालिटीत नाहीच, रिसाईझमध्ये आहे, आणि तेच लोक विसरतात. चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो फोनच्या स्क्रीनला काय करायचाय? 1600 करा, वेबपी (जेपीजीपेक्षा हलका फोटो फॉरमॅट) निवडा, पाच एमबीचं काहीतरी दोन-तीनशे केबीत येतं आणि कोणाला कळत पण नाही. एव्हीआयएफ नावाचा दुसरा फॉरमॅट अजून बारीक करतो पण माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा असा घोंघावतो की नको वाटतं.

आता जिथे हे टूल काही करू शकत नाही ते. आंबेवाल्यांचा लाडका प्रकार म्हणजे बॅनर, एकाच जेपीजीत भाव, पेटीत किती डझन, फोन नंबर, वर "अस्सल देवगड हापूस" आणि कोपऱ्यात गणपती. असला बॅनर स्क्वूशमध्ये टाकून क्वालिटी उतरवा, पहिला अनुस्वार आणि रफार फुटतात, अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात. आणि समजा क्वालिटी राखली, तरी फोनवर तो बॅनर बोटभर होतो, भाव वाचायला चिमटीने मोठा करावा लागतो, नंबर दाबून फोन लागत नाही, स्क्रीन रीडर, म्हंजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला त्यातलं अक्षर ऐकू येत नाही. भाव तर आठवड्याला बदलतो, दर वेळी डिझायनरच्या मागे कोण लागणार! म्हणून मी सरळ सांगतो, अक्षरं अक्षरं म्हणूनच टाईप करायची, फोटोत फक्त आंबा.

तेही फोटोखालच्या ओळीत नुसतं "उत्कृष्ट दर्जा" लिहू नका हो, सगळेच लिहितात. झाडावरून कधी उतरवला, आढीत किती दिवस होता, पार्सल मिळाल्यावर किती दिवसांत खायचा ते लिहा. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तुमची त्यात नोंदणी असेल तर तो नंबर लिहा, गिऱ्हाईक तेच शोधत असतं. फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हंजे स्क्रीन रीडर वाचतो त्या फोटोच्या वर्णनात, पण "इमेज 1" नको, "पेंढ्यात मांडलेले पिकलेले हापूस" एवढं पुरतं.

तक्रारी आहेतच. एका वेळी एकच फोटो होतो, होमस्टेचे चाळीस फोटो असले की बोटं दुखतात. पूर्वी एकगठ्ठा काम करायला कमांड लाईनवाली (टाईप करून हुकूम द्यायची) आवृत्ती होती, ती बंद पडली. आयफोनचे एचईआयसी फोटो माझ्या क्रोममध्ये उघडत नाहीत, आधी जेपीजी करून घ्यावे लागतात. अ‍ॅडव्हान्स सेटिंग उघडलंत तर "ट्रेलिस मल्टिपास" वगैरे वाचून घाबरायला होईल, हात लावू नका, आहे तसं राहू द्या.

पण एकेक करून बघावं लागतं ना, त्यात एक होतं, त्याच खोलीचा त्याच पलंगाचा तिसरा फोटो समोर आला की आपोआप हात थांबतो, कारण गिऱ्हाईकाला पलंग एकदा दिसला की बस झाला, त्याला बाथरूम बघायचं असतं आणि गाडी कुठे लावायची ते, आणि नेमके तेच दोन फोटो पार्टीने पाठवलेले नसतात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो एकगठ्ठ्यासाठी.