एकच फेरी जमणार असेल तर: दहावा की तेरावा?

मे महिन्यात तीन लग्नपत्रिका फ्रिजवर लागलेल्या असतात, एका रविवारी शाळेच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच गावाकडून फोन येतो. अंत्यविधीला पोहोचणं बहुतेकांना जमत नाही. मुलगा किंवा मुलगी येईपर्यंत गाव थांबतं, भाच्या-पुतण्यासाठी थांबत नाही. रजा मिळणार एक दिवस, फार तर दीड. मग जायचं कधी, दहाव्याला की तेराव्याला?

घरच्या भाऊबंदांसाठी हा प्रश्नच नाही, त्यांना दोन्हीला असावंच लागतं. हे लिहितोय ते भाचे, साडू, व्याही, जुने शेजारी आणि मित्र यांच्यासाठी. मी दोन्ही प्रकारे गेलोय आणि माझं मत आता एका बाजूला झुकलंय. तरी तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर तीच पाळा.

आधी गाव कुठलं ते बघा. कोल्हापूर-सांगलीकडे तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनालाच सगळे पाहुणे लोटतात, त्यामुळे तिकडे हा सगळा हिशेब बदलतो. पुणे, नगर, नाशिक पट्ट्यात दशक्रिया मोठी. विदर्भात तेरवी मोठी, आणि तिथे तेरवी चुकवली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. कोकणात आणि इतरत्र घराघरात फरक. म्हणून फोनवर ‘कधी आहे’ एवढंच विचारू नका. ‘आपल्याकडे माणसं कधी जमतात’ असं विचारा.

दिवस मोजण्यात निम्मे लोक चुकतात. मृत्यूचा दिवस पहिला धरायचा. तीन तारखेला गेले तर दहावा बारा तारखेला आणि तेरावा पंधराला. तीनमध्ये दहा मिळवून तेरा तारखेची सीट काढणारे पाहुणे दर वेळी एक-दोन तरी निघतातच. वाराने मोजलं तर आणखी सोपं: दहावा मृत्यूच्या वारापासून दोन वार पुढे, तेरावा पाच वार पुढे. म्हणजे शुक्रवारी गेलेल्याचा दहावा रविवारी येतो, मंगळवारी गेलेल्याचा तेरावा रविवारी. रजेचा प्रश्न इथेच सुटला तर पुढचं वाचायचीही गरज नाही. पहाटे उजाडायच्या आत मृत्यू झाला असेल तर बरेच भटजी आदला दिवस धरतात, तेव्हा तारीख स्वतः काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपातला वार आणि तारीख जुळतात का, तेही एकदा कॅलेंडरवर बघा. हल्ली सोयीसाठी तेरावा बाराव्याच दिवशी उरकतात, तेही फोनवर विचारून घ्या.

प्रवासाच्या सोयीने बघितलं तर तेरावा सरळ जिंकतो. माणसं जेवणाच्या वेळेला, बारा-साडेबारापर्यंत पोहोचली तरी चालतं. पहाटेची गाडी पकडा, जेवा, संध्याकाळी परत. दहावा मात्र सकाळी साडेसात-आठला घाटावर सुरू होतो. म्हणजे आदल्या रात्रीची एसटी, पहाटे पाचला स्टँडवर उतरणं आणि आंघोळ कुठे करायची हा प्रश्न. त्यात दुःखाच्या घरी पहाटे पाचला दार वाजवणं बरं नाही, आधीच तिथे मुक्कामी माणसं असतात. स्टँडजवळ दोन तासांसाठी एखादी खोली बघून ठेवा किंवा गावातल्या दुसऱ्या ओळखीच्या घरी उतरा.

जाताना रिझर्व्हेशन करा, येताना करू नका. कारण कावळा. पिंड ठेवल्यावर तो पाच मिनिटांत शिवेल किंवा तासभर शिवणार नाही, आणि अकराची परतीची सीट काढून ठेवली असली की सगळं लक्ष घड्याळाकडे जातं. यासाठीच मला रेल्वेपेक्षा एसटी बरी वाटते. रेल्वेचं वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं. तत्काळ आदल्या दिवशी सकाळी उघडतं, एसीचं दहाला, बाकीचं अकराला, आणि मेच्या सुट्टीत ते किती पुरतं हे वेगळं सांगायला नको. एसटीत पुढची गाडी असते. राज्यात महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना तिकीटच नाही. फक्त सवलतीसाठी कोणतं कार्ड लागतं ते बघून ते जवळ असू द्या. आई, मावशी आणि मामा अशी तिघं बरोबर असतील तर स्वतःची गाडी काढण्यात पैशाच्या दृष्टीने काही अर्थ उरत नाही. शिवाय गाडी नेली की ती त्या दिवसापुरती घरची होते: भटजींना आणा, पत्रावळी आणा, आजींना घाटावर सोडा. मदत होते हे खरं, पण रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाने हे करू नये.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला, ती. तेराव्याला ज्याला भेटायला गेलो, तो भेटतच नाही. सकाळी तो भटजींसमोर बसलेला असतो. निधनशांत, दानं, दक्षिणा यात साडेबारा वाजतात. मग पानं मांडली जातात आणि तो हातात बुंदीचं ताट घेऊन पंगतीत फिरायला लागतो. ‘एक तरी घ्या’ हा आग्रह वडील गेलेल्या माणसाने आपल्याला करायचा आणि आपण ‘पुरे, पुरे’ म्हणत पानावर हात आडवा धरायचा. पहिली पंगत उठते न उठते तोच दुसरी बसते. मागच्या खोलीत टॉवेल-टोप्यांचा ढीग असतो, त्यातला एक आपल्या हातात येतो आणि आपण आणलेला त्या ढिगात जातो. सहा तास प्रवास करून पदरात काय, तर जेवण आणि टॉवेल. त्यात कोणाचा दोष नाही. तेरावा हे घर पुन्हा सुरू करायचं कार्य आहे, गोड खाऊन सुतकाच्या दिवसांवर पडदा टाकायचा. ते हवंच. पण बाहेरून आलेल्या माणसाला त्यात पंगतीतल्या एका पानापलीकडे जागा नसते.

दहाव्याला उलटं. घाटावर मुंडन आणि आंघोळ होते, भटजी पिंडांची मांडामांड करतात, अश्म्यावर, म्हणजे अंत्यविधीपासून जपून ठेवलेल्या दगडावर, तिलांजली देताना नातेवाइकांनाही बोलावतात. म्हणजे आपल्या हातूनही काही घडतं. मग पत्रावळीवर पिंड ठेवतात, कोणीतरी ‘मागे सरा, सावली पडते’ म्हणून सगळ्यांना पायऱ्यांवर वर हाकलतं, आणि त्यानंतर कोणालाच काही काम नसतं. कावळा समोरच्या पिंपळावर असतो. तो फांदी बदलतो, खाली उतरतो, दोन उड्या मारतो, परत जातो. त्या अर्ध्या तासात, ज्याला भेटायला आलात त्याच्या शेजारी तुम्ही पायरीवर बसू शकता. तिथे बोलायला काही शोधावं लागत नाही. शेवटच्या आठवड्यात काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, कशात जीव अडकला असेल, हे तोच सांगायला लागतो. मग कोणीतरी पुढे होऊन ‘आईकडे आम्ही बघू’ असं मोठ्याने म्हणतं. अगदीच शिवला नाही तर भटजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि माणसं उठतात. प्रवासाचं गणित बिघडवणारी ही वाट बघणंच भेटीला वेळ देते.

एक सूट द्यायला हवी. जिथे दशक्रियेला मांडव, प्रवचन आणि पुढाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणं असतात, तिथे माझा हा मुद्दा बराच पातळ होतो. माईकवर नावं वाचायला लागले की घाटही सभागृहच. तिथे साडेसातलाच पोहोचा, भाषणं नंतर सुरू होतात.

सोबत काय न्यायचं ते थोडक्यात: साधे फिके कपडे, पंचा, बदलायचा एक जोड, चटकन निघणारी चप्पल. आळंदीसारख्या नदीच्या घाटावर खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, वयस्कर माणसाचा हात धरा. दहाव्याचं जेवण साधं असतं, आमटी-भात किंवा पिठलं-भाकरी, आणि काही घरी बाहेरच्यांना आग्रह करतच नाहीत. नाश्ता करूनच निघा. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, हे शहरात वाढलेल्या मुलांना बसमध्येच सांगून ठेवा.

लग्न आणि दहावा पाठोपाठ आले तर? भाऊबंद नसाल तर तुम्हाला दहा दिवसांचं सुतक नाही. लग्न झालेल्या लेकीला आई-वडिलांचं तीन दिवसांचं असतं. तरी घाटावरून थेट हळदीच्या घरी जाऊ नका, मध्ये आंघोळ आणि कपडे बदलणं होऊ द्या. त्या घरची म्हातारी माणसं विचारतातच. स्नेहसंमेलनाला असली आडकाठी नाही, पण ताटांचा आकडा केटररला दोन-तीन दिवस आधी द्यावा लागतो. येणार नसाल तर वर्गणी गोळा करणाऱ्या एकालाच फोन करून सांगा. ग्रुपवर टाकलंत तर दिवसभर हात जोडलेली चित्रं येत राहतात आणि आकडा कोणीच कमी करत नाही.

दोन्ही दिवस जमत नसतील तर पाचव्या ते आठव्या दिवसात समाचाराला जाऊन या. वार चालतो का ते मात्र विचारून घ्या, काही घरी शनिवार किंवा अमावास्या टाळतात. पहिली गर्दी ओसरलेली असते आणि दहाव्याची धावपळ सुरू झालेली नसते. तासभर बसा. चहा विचारला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, काही गावांत त्या दिवसांत विचारत नाहीत. दहाव्याला लागणाऱ्या सामानाची यादी भिंतीला लावलेली असेल तर त्यातलं काय आणायचं राहिलंय तेवढं बघा.