गोचिडांची भाऊबंदकी: १६एस तुकडा की अख्खा जीनोम?

रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड कुठल्या जातीचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं जाणकारालाही जड जातं. मग मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) डीएनए कामी येतो. त्यातल्या १६एस या जनुकाचा साडेचारशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा गोचिडाच्या एका पायातूनही पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने) मिळतो. खर्च कमी, ताडून पाहायला नोंदी भरपूर. जात ओळखायला मी हाच निवडेन.

पण जुनी घराणी लावताना तो तोकडा पडतो. या डीएनएत ए आणि टी या दोन अक्षरांचा भरणा. त्याच जागा पुन्हा पुन्हा बदलतात आणि जुन्या खुणा पुसल्या जातात.

अख्खा जीनोम म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला सगळा डीएनए: सुमारे १५ हजार अक्षरं, ३७ जनुकं. खरी गंमत त्यांच्या क्रमात आहे. इक्सोडिस या गोचिडांच्या गटात तो लिम्युलस या नालाकृती खेकड्यासारखा, जुनाच. रिपिसेफॅलस, ॲम्ब्लिओमा या गोचिडांच्या गटात मात्र जनुकांचा एक गठ्ठा जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसलाय. १९९८ मध्येच हे दिसलं होतं. अशी उलथापालथ क्वचितच होते, त्यामुळे नात्याचा हा पुरावा भक्कम.

मात्र मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, म्हणून दोन्ही पद्धती आईकडचंच सांगतात. संकराची शंका असेल, तर केंद्रकातला डीएनए तपासावाच लागतो.