कलम १९६ की २९९? तक्रार लिहिण्याआधी

एखादी पोस्ट वाचून डोकं भणभणतं आणि तडक पोलीस ठाणं गाठावंसं वाटतं. तेव्हा बहुतेक अर्जांत एकच वाक्य असतं: 'माझ्या भावना दुखावल्या.' कायद्याला तेवढं पुरत नाही. भारतीय न्याय संहितेत अशा मजकुरासाठी मुख्यतः दोन कलमं आहेत, आणि दोन्हींचा रोख वेगळा आहे.

कलम १९६ म्हणजे आधीच्या भारतीय दंड संहितेतलं जुनं १५३-अ. एका समाजाला दुसऱ्याविरुद्ध भडकवलंय का, हा त्याचा प्रश्न. धर्मासोबत जात, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाणही त्यात येतं. 'अमक्या प्रांताचे लोक दिसतील तिथे ठोका' या पोस्टसाठी २९९ उपयोगाचं नाही, १९६च लागेल. मात्र किमान दोन समाज गुंतलेले हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली बिलाल अहमद कालू खटल्यात सांगितलं. नुसतं एका समाजाला डिवचलं, तर हे कलम लागत नाही.

कलम २९९, म्हणजे जुनं २९५-अ, फक्त धर्मापुरतं. धर्मसंस्थापकावरच्या पुस्तिकेचा लाहोरचा प्रकाशक १५३-अ खालून सुटला, म्हणून १९२७ साली ते आणलं गेलं. त्यात हेतू बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट असावा लागतो. अनवधानाने झालेला अपमान त्यात येत नाही, हे १९५७ च्या रामजीलाल मोदी निकालापासून स्पष्ट आहे.

शिक्षेत फारसा फरक नाही: दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद (प्रार्थनास्थळी घडल्यास १९६ खाली पाच), दोन्ही दखलपात्र (पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र. न्यायालयाने खटला हाती घ्यायला मात्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे अटक लगेच होऊ शकते, निकाल लांबच राहतो. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून पुण्यात दाखल झालेला १५३-अ चा गुन्हा २००७ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. तिथवर पोहोचेपर्यंत लिहिणाऱ्या-छापणाऱ्याची जी फरफट होते, ती मला फार लागते.

मजकूर कुणाच्या नजरेने वाचायचा? स्वातंत्र्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवलंय: समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने, डळमळत्या मनाच्या नव्हे. मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना हीच कसोटी वापरली. अशा प्रकरणात गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही सांगितलं.

माझं मत विचाराल तर, माणसांवर हात उगारायला, त्यांना वस्तीतून हुसकायला सांगितलं असेल, तर १९६ खाली बेधडक जा. अर्जात कुणाला कुणाविरुद्ध उठवलंय ते नावानिशी लिहा. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख-वेळ जोडा. आपल्या दैवतावर किंवा आदरस्थानावर कुणी कडवट टीका केली, एवढंच असेल, तर २९९ चा अर्ज लिहायला घेतलेला कागद उत्तर लिहायला वापरा.