एसव्हीजीत चौकोनाच्या मधोमध टेक्स्ट: डीवाय, डॉमिनंट-बेसलाइन की फॉरेनऑब्जेक्ट?

एसव्हीजी म्हणजे कोडने लिहिलेलं चित्र, त्यात आडवं सेंटरिंग टेक्स्ट-अँकर या गुणधर्माला मिडल दिलं की झालं, उभ्याचीच खरी कटकट आहे, कारण टेक्स्टचा वाय (वरून खाली मोजलेली जागा) म्हणजे अक्षरांची बेसलाइन, अक्षरं ज्यावर टेकतात ती रेषा, आणि चौकोनाच्या आत टेक्स्ट टॅग टाकताच येत नाही, दोघं शेजारी शेजारीच असतात, त्यामुळे मध्य आपणच काढायचा. समजा चौकोन वाय १० पासून, उंची ६०, म्हणजे मध्य ४०. वाय ४० दिला की अक्षरं त्या रेषेवर उभी राहतात आणि सगळं वर सरकलेलं दिसतं.

फक्त ब्राउझरमध्ये दाखवायचं असेल तर डॉमिनंट-बेसलाइन (वायवर अक्षराची कुठली रेषा बसवायची ते सांगणारा गुणधर्म) सेंट्रल घ्या, वाय ४० तसाच ठेवा, बाकी गणित नाही. इथे मिडल नका घेऊ, नाव फसवं आहे, ते छोट्या इंग्रजी अक्षरांच्या निम्म्या उंचीवर धरतं म्हणून कॅपिटल्स आणि देवनागरी जरा वरच राहतात. सेंट्रल एम-बॉक्सचा, म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढ्या काल्पनिक चौकटीचा, मध्य धरतं, अक्षरं कुठली आहेत ते बघत नाही, म्हणून "मदत" आणि "कृती" अशी दोन बटणं शेजारी असली तरी शिरोरेषा एकाच पातळीत राहते, जे हवंच असतं.

फाइल पीडीएफ, पीएनजी करायची असेल किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार असेल तर मी डोळे झाकून डीवाय (टेक्स्ट वायपासून किती खाली सरकवायचा तो आकडा) म्हणेन, ०.३५ एम, एक एम म्हणजे फॉन्टचा आकार. फॉन्ट २० चा असेल तर ७ युनिट खाली, बस्स, आणि डीवाय जवळपास सगळीकडे कळतो, डॉमिनंट-बेसलाइनकडे काही कन्व्हर्टर लक्षच देत नाहीत. हा आकडा इंग्रजी कॅपिटल्सच्या निम्म्या उंचीवरून आलाय, तेव्हा देवनागरी फॉन्टला थोडा कमीजास्त करून नजरेने बघून घ्या. दोन ओळी असतील तर पहिल्या टीस्पॅनला (टेक्स्टच्या आतला एका ओळीचा टॅग) डीवाय उणे ०.२५ एम, दुसऱ्याला १.२ एम, तीन असतील तर सुरुवात उणे ०.८५ पासून.

मजकूर किती येईल माहीत नाही, ओळी आपोआप मोडायला हव्यात, तर मात्र फॉरेनऑब्जेक्टच, म्हणजे एसव्हीजीत एचटीएमएल बसवणारा टॅग, आत डिव्ह आणि फ्लेक्स, अलाइन-आयटम्स सेंटर. रुंदी-उंची द्यायला विसरू नका, नाहीतर काहीच दिसणार नाही, आणि एसव्हीजी वेगळी फाइल असेल तर डिव्हला एचटीएमएलचा नेमस्पेस (हा टॅग एचटीएमएलचा आहे हे सांगणारी ओळख) लागतो. पण लिब-आरएसव्हीजीसारखे रेंडरर (एसव्हीजीचं चित्र बनवणारी सॉफ्टवेअरं) फॉरेनऑब्जेक्ट दाखवतच नाहीत, चौकोन येतो, मजकूर गायब, म्हणून एक्सपोर्टची जराही शक्यता असली तर ओळी स्वतः मोडून टीस्पॅनच वापरा.