आई-आप्पांना घेऊन एक रात्र मोठ्या हॉटेलात: रूम झकास, माणसं त्याहून झकास, बिल मात्र वाचून द्या

आई-आप्पांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून यंदा हौस केली, आपल्याच कोल्हापुरात हायवेलगतच्या एका मोठ्या हॉटेलात एक रात्र रूम घेतली. घर राजारामपुरीत, तिथनं रिक्षानं पंधरा मिनिटं, त्यामुळं शेजारच्या काकूंनी "घर सोडून हॉटेलात झोपायला चाललाय होय" म्हणून खेचून घेतलंच. पण आम्ही कुणीच अशा हॉटेलात कधी राहिलो नव्हतो. रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेसमध्ये हॉटेल चालायचं तेव्हासुद्धा आम्ही भेळ खात बाहेरनंच बघायचो.

हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एका गोष्टीवरनं वाजलं ते खाली सांगतोच, आणि तसला प्रकार कुठल्याही हॉटेलात होऊ शकतो.

आप्पा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी सुट्ट्या पैशावरचा जीव गेलेला नाही. आदल्या दिवशी बँकेत जाऊन पन्नासच्या नोटांचं एक बंडल आणि थोड्या शंभरच्या घेऊन आले. मी हसलो, म्हणलं आप्पा आता सगळं यूपीआयवर असतंय. तर ते म्हणाले, सामान उचलणाऱ्या पोराला काय क्यूआर कोड मागणार होय? आणि खरंच, दोन दिवसांत सगळ्यात जास्त उपयोग त्याच बंडलाचा झाला. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढं एक तरी करा, पाचशेची नोट हातात धरून बेलबॉयसमोर उभं राहण्यासारखी पंचाईत नाही.

चेक-इन दुपारी 2 ला. तिघांचंही आधार मागितलं, आईचं घरी राहिलं होतं पण मोबाईलवर डिजिलॉकरमधलं चाललं. कार्डवर डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवली, ती जाताना सोडतात, मेसेज बघून घाबरू नका (मी घाबरलो). बेलबॉयनं आईची पिशवी घ्यायला हात पुढं केला तर आई सोडायलाच तयार नाही, त्यात चिवड्याचा डबा होता. ती ओढाओढ लॉबीत जवळजवळ अर्धा मिनिट चालली. शेवटी आप्पा म्हणाले, "अगं दे, त्याचं काम हाय ते." मग लिफ्टमध्ये त्यालाच विचारलं, गाव कुठलं रे बाळ? गडहिंग्लजकडचा निघाला. आप्पांनी त्या रूटवर कितीतरी वर्षं ड्युटी केलेली, झालं, वर पोचेपर्यंत "सर" चं "काका" झालं होतं. रूम दाखवून, ते कार्ड भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय लाईट लागत नाही हे समजावून तो निघाला तेव्हा आप्पांनी पन्नासच्या दोन नोटा घडी करून त्याच्या हातात दिल्या, गाजावाजा नाही. माझ्या मते बॅगांना 50 ते 100 ठीक आहे, गाडी लावणाऱ्यालाही तेवढेच, आणि रूम साफ करणाऱ्याला दिवसाला शंभर. दिलेच पाहिजेत असं नाही, कुणी मागितलंही नाही हे हॉटेलच्या बाजूनं सांगतो.

रूम एकदम स्वच्छ, गादी अशी की आप्पा म्हणाले कंबर हरवली. टेबलावरच्या पाण्याच्या दोन बाटल्या फुकट, छोट्या फ्रिजमधलं मात्र सगळं विकत, तेव्हा काजूच्या पाकिटाला हात लावायच्या आधी रेटकार्ड बघा. आमचा चिवडा होताच. साबण-शाम्पूच्या बाटल्या नेल्या तर चालतं, टॉवेल-गाऊन नाही.

आता जेवण. रात्री खालच्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. तांबडा रस्सा नुसताच तांबडा, पांढरा त्यातल्या त्यात बरा, पण एवढे पैसे घेऊन कोल्हापुरात असला तांबडा देणं म्हणजे धाडसच म्हणायचं. भाकरी गरम होती. आईला काटा-चमच्याचं टेन्शन आलेलं, मी म्हणलं भाकरी काट्यानं खाणाऱ्यालाच लोक बघतील, तू कुस्कर खुशाल. वाढणारा पोरगा फार चांगला, आप्पांना न सांगता तिसऱ्यांदा पांढरा आणून दिला.

आणि मग बिल. जेवण 3200, खाली सर्विस चार्ज 10 टक्के म्हणजे 320, आणि त्या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. (ह्यांच्या सूटचं, म्हणजे मोठ्या रूमचं, भाडं 7500 च्या वर जातंय म्हणून रेस्टॉरंटला 18. आमच्या रूमचं भाडं 6800, त्यावर 5 टक्केच लागला, आधी तो 12 होता, 22 सप्टेंबर 2025 पासून कमी झालाय.) मी वाचलेलं होतं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 लाच सांगितलंय, सर्विस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. शांतपणे सांगितलं, हा काढा. मॅनेजर म्हणाले, "सर, हा स्टाफलाच जातो." मला खरंच कानकोंडं झालं, कारण तो पोरगा शेजारीच उभा, आता मी कंजूस ठरणार. आप्पांनीच तोंड उघडलं, "साहेब, तिकिटात भाडं घेतलं की वर काय मागायचं नसतंय. खुशीनं द्यायचं ते आम्ही ह्याच्या हातात देतो." मॅनेजर आत गेले, पाच-सात मिनिटांनी नवं बिल आलं, 377 रुपये 60 पैसे कमी. आप्पांनी त्यातले 300 तिथंच त्या पोराला दिले. मॅनेजर ऐकलेच नसते तर 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला फोन करायचा माझा विचार होता, पण तेवढी वेळ आली नाही. एक तारा मात्र ह्यातच कापला, बिल बदलून द्यायला लागतं हे त्यांना आधीपासनं माहीत होतं की.

नाष्टा भाड्यातच, सकाळी साडेदहापर्यंत. बुफेत एकदाच डोंगर करू नका, परत परत उठा, कोण मोजत नाही. मिसळ ठेवली होती, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

सकाळी आईनं उठून चादरीसकट अंथरूण घडी घालून ठेवलं, सांगून ऐकलं नाही. आप्पांनी उशीवर शंभरची नोट ठेवली. आई म्हणत होती चिठ्ठी लिहा, तर म्हणे नोटेला काय चिठ्ठी लागते. खाली हिशेब करून रिक्षात बसतोय तोवर हाऊसकीपिंगचा पोरगा पळत पळत पोर्चमध्ये आला, हातात तीच नोट, "सर, तुमचे पैसे वर राहिले होते." चिठ्ठी नसली तर ते हात लावत नाहीत, पाहुण्याची विसरलेली वस्तू म्हणून परत करतात. आप्पांनी ती त्याच्या खिशात घातली, वर पन्नासची आणखी एक. आई रिक्षात घर येईपर्यंत बोलत होती.

पाचपैकी चार.