भर हिवाळ्यातला बर्फ की वसंतातला? स्कीइंगच्या तारखा ठरवण्याआधी

स्कीइंगला जायचं ठरलं की बहुतेक जण एकच आकडा शोधतात: किती सेंटिमीटर बर्फ पडणार? पण तारखा त्याच्या कितीतरी आधी पक्क्या कराव्या लागतात, आणि आठवड्यापलीकडच्या सेंटिमीटरच्या आकड्यावर पंचांगातल्या पर्जन्यमानाइतकाच भरवसा ठेवावा. त्यामुळे निवड करायची ती आठवड्याच्या प्रकाराची. उत्तर गोलार्धात हे प्रकार दोन: जानेवारी-फेब्रुवारीतला, वादळामागून वादळ आणणारा, नाहीतर मार्चअखेर ते एप्रिलचा, रात्री गोठणारा आणि दिवसा सैलावणारा.

आधी भर हिवाळा. हवामानाचा अंदाज काढणारं संगणकी मॉडेल मुळात पाणी मोजतं, त्याचा बर्फ नंतर केला जातो. १० मिलिमीटर पाण्याचा शून्य अंशाच्या आसपास १० सेंटिमीटर बर्फ होतो, कधी त्याहून कमी. तेच पाणी उणे १२-१५ अंशांत पडलं तर १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत जातं. म्हणजे पाण्याचा अंदाज अचूक असूनही बर्फाचा आकडा निम्म्याने चुकू शकतो.

त्यात उंचीचा घोळ. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. शून्य अंश ज्या उंचीवर असतो, तिथून खाली २००-३०० मीटरपर्यंत बर्फ तग धरतो, मग त्याचा पाऊस होतो. तापमानाचा अंदाज दोनच अंशांनी हुकला तरी ही सीमा ३०० मीटरने सरकते. १५०० मीटरवरचं गाव पावसात भिजत असतं आणि २३०० मीटरवर गुडघाभर पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, असते. जगभराचा अंदाज देणारी मोठी मॉडेलं ९ ते १३ किलोमीटरच्या चौकोनांत विचार करतात. शिखर आणि त्याच्या पायथ्याची दरी बऱ्याचदा एकाच चौकोनात येतात, त्यामुळे मॉडेलमधला डोंगर खऱ्यापेक्षा बुटका असतो. अ‍ॅपमधला आकडा कोणत्या उंचीचा आहे हे न बघता आनंद साजरा करू नये.

आणि वारा. एकदा ४० सेंटिमीटरचा अंदाज बघून आम्ही उड्या मारत पोचलो. ३५ पडला, म्हणजे अंदाज चांगल्या मार्कांनी पास. पण लोकांना डोंगरावर नेणारी वरची लिफ्ट वाऱ्यामुळे दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा डोंगराची धार खरवडून काढल्यासारखी टणक होती, आणि सगळा बर्फ वाऱ्याआडच्या उतारावर जाऊन साचला होता, हिमस्खलनाच्या भीतीने बांधलेल्या दोरीपलीकडे. आम्ही दोरीजवळ उभं राहून फोटो काढले.

वसंतातला सगळा मामला एका प्रश्नावर येतो: रात्री गोठलं का? आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता वर सोडून देतो. हवा दोन-तीन अंशांवर असली तरी वरचा थर कडक होतो. त्याच तापमानाला ढग असले तर सकाळी नुसता चिखल. ढग असतील की नसतील हे दोन-तीन दिवस आधी सांगणं, बर्फ २० सेंटिमीटर पडेल की ४० हे सांगण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं. मला वसंत आवडतो तो यासाठी. तिथला महत्त्वाचा अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो.

दिवसाचं वेळापत्रकही मग ठरून जातं. साडेआठला स्कीच्या कडा करकर वाजतात आणि गुडघ्यापर्यंत हादरे बसतात. चहूबाजूंनी लोक घसरत असतात. दहाच्या सुमारास काठी टेकवली की टोक दोनेक सेंटिमीटर रुततं आणि वरचा थर जाड रेतीसारखा दाणेदार होतो. हीच वेळ. आधी पूर्वेचे उतार मऊ होतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. उन्हामागे सरकत गेलं की दोन-तीन तास मजेत जातात. दुपारी स्की अशी रुतते की कुणी खालून धरून ठेवल्यागत वाटतं. तेव्हा थांबावं, गुडघ्यांसाठी, आणि उन्हाने भिजलेला बर्फ तीव्र उतारांवरून सुटायला लागतो म्हणूनही.

वसंताची खोट उघड आहे: सलग तीन रात्री गोठलं नाही की खेळ संपला, आणि खालचे उतार उघडे पडलेले असतात. पण भर हिवाळाही आता हमी देत नाही. १ जानेवारी २०२३ ला स्वित्झर्लंडमधल्या डेलेमाँत इथे २०.२ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि त्या दिवसांत आल्प्समधल्या सखल ठिकाणांना उतार बंद ठेवावे लागले. कृत्रिम बर्फाचा आधार घ्यावा, तर त्यालाही नुसती थंडी पुरत नाही, कोरडी हवा लागते. उणे एकला दमट हवेत यंत्रं जवळपास निकामी असतात. जपानमधलं निसेको मात्र वेगळं. सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि जानेवारीत जवळजवळ रोजच्या रोज तिथे टाकतात. तिथे भर हिवाळाच निवडावा, वाद नाही.

नवशिक्यांना वादळाचा आठवडा मी कधीच सुचवत नाही. ढगात उजेड सपाट होतो, खड्डा की उंचवटा कळत नाही, आणि खोल बर्फात वळायला शिकणं म्हणजे वाळूत सायकल शिकणं. त्यांनी वसंतात जावं आणि सकाळी निवांत उठावं. मुरलेल्यांनी, तेही तारखा ऐनवेळी बदलता येत असतील तरच, भर हिवाळ्यातली वादळं गाठावीत. हिमस्खलनाची सूचना मात्र रोज वाचावी. धोक्याच्या पातळ्या पाच, म्हणून तिसरी मधली आणि बरी वाटते. पण युरोपात बरेचसे मृत्यू तिसऱ्या पातळीच्याच दिवशी होतात, कारण त्या दिवशी लोक बाहेर पडतात. ३० अंशांहून तीव्र उतार तेव्हा सोडून द्यावेत.

तारखा बदलता येत नसतील आणि आठवडा एकच असेल, तर मी मार्चअखेर घेईन, जिथे वरच्या लिफ्ट २५०० मीटरच्या पुढे जातात आणि बरेच उतार उत्तरेकडे तोंड करून आहेत अशा ठिकाणी. निघण्याआधी तीन दिवस शून्य अंशाची उंची, वारा आणि रात्रीचे ढग बघेन, सेंटिमीटर शेवटी. सकाळी रिसॉर्टचा बर्फाचा अहवाल वाचेन, पण तो तिकिटं विकणाऱ्यांनीच लिहिलेला असतो, म्हणून शेजारी वेबकॅमही उघडून ठेवेन. लिफ्टच्या खांबाशी बर्फातून गवत डोकावतंय का, हे त्यात लगेच दिसतं.